दातांवरील डागाचा तीस वर्षे माग : डॉ. फ्रेडरिक मॅके



शाळेत दंततपासणी झाली की दरवर्षी काही पालक आम्हाला विचारतात, दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची एवढी चिंता कशाला? खरे सांगायचे तर एकेकाळी आमचेही हेच मत होते. पहिलीतल्या एका मुलाने दाढदुखीमुळे चार दिवस डबाच उघडला नाही, तेव्हा ते बदलले. म्हणून या अंकात आम्ही एका दंतवैद्याचे चरित्र देत आहोत. आपल्या टूथपेस्टच्या ट्यूबवर जो फ्लोराइड हा शब्द छापलेला असतो, त्याची गोष्ट या गृहस्थांपासून सुरू होते.

डॉ. फ्रेडरिक मॅके यांचा जन्म १८७४ साली अमेरिकेत झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन १९०१ साली ते कोलोराडो स्प्रिंग्ज या गावी आले व तेथे दवाखाना थाटला. पाहतात तो काय, गावात जन्मलेल्या कित्येकांच्या दातांवर तपकिरी, चॉकलेटी डाग! घासून न जाणारे. पुस्तकांत शोधले, काही सापडले नाही. गावकऱ्यांना विचारले तर कोणी डुकराच्या मांसाला दोष देई, कोणी वाईट दुधाला. स्थानिक डॉक्टरांना त्यात रस नव्हता. दुसरा कोणी असता तर दात काढत व पैसे मोजत बसला असता. मॅके यांनी मात्र प्रश्न सोडला नाही.

त्या काळचे अमेरिकेतील सर्वांत मोठे दंतशास्त्रज्ञ डॉ. ग्रीन वर्डिमन ब्लॅक यांना त्यांनी या कामात ओढले. १९०९ साली ब्लॅक स्वतः गावात आले. गावात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ ९० टक्के मुलांच्या दातांवर डाग असल्याचे पाहून ते थक्क झाले. दोघांनी मिळून दोन गोष्टी शोधल्या. पहिली अशी की हा डाग दात हिरडीत तयार होत असतानाच पडतो. मोठेपणी गावात आलेल्यांना तो होत नाही. दुसरी गोष्ट चमत्कारिक होती. हे कुरूप दात किडत फारच कमी. असे का, हे दोघांनाही सांगता येईना. १९१५ साली ब्लॅक वारले आणि मॅके एकटे राहिले.

त्यांचा संशय पाण्यावर होता. १९२३ साली आयडाहो प्रांतातील ओकली गावच्या पालकांनी त्यांना बोलावले. तेथे नव्या नळाने पाच मैलांवरील ऊन पाण्याच्या झऱ्याचे पाणी आले आणि त्यानंतर मुलांचे दात डागाळू लागले होते. मॅके यांनी पाणी तपासले, संशयास्पद काही मिळाले नाही. तरीही त्यांनी तो नळ बंद करण्याचा सल्ला दिला. गावाने तो ऐकला. काही वर्षांतच तेथील लहान मुलांना स्वच्छ दात येऊ लागले. कारण ठाऊक नसताना गावाला एवढा मोठा सल्ला द्यायचा, याला केवढे धैर्य लागले असेल!

कारण सापडले १९३१ साली. आर्कान्सा प्रांतात बॉक्साइट नावाचे अॅल्युमिनियम कंपनीचे गाव होते, तेथेही हेच डाग. कंपनीचे रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी नव्या पद्धतीने पाणी तपासले, तेव्हा दर लिटरला १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. त्यांनी मॅके यांना कळविले. तीस वर्षांचा शोध संपला.

पुढे डॉ. ट्रेंडली डीन यांनी दाखविले की लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम असेल तर डाग जवळजवळ पडत नाहीत व कीडही कमी राहते. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात तेवढे फ्लोराइड घालण्यास सुरुवात झाली. १९५६ साली फ्लोराइडची टूथपेस्ट अमेरिकेत सर्वत्र मिळू लागली, तेव्हा मॅके हयात होते. १९५९ साली त्यांचे निधन झाले.

आता आपल्या मुलांकडे येऊ. गोड खाल्ले की तोंडातील जंतू त्याचे आम्ल करतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या कवचातील, म्हणजे एनॅमलमधील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळते. लाळ ते परत आणून देते. फ्लोराइड असेल तर ही भरपाई चांगली होते, आणि नवा भाग आम्लापुढे आधीपेक्षा जास्त टिकतो. दुधाच्या दाताचे एनॅमल कायमच्या दाताच्या जवळपास निम्मेच जाड असते, म्हणून तेथे घाई. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती झिजेची पहिली खूण. तोवर दुरुस्ती शक्य आहे. खड्डा पडला की पेस्टने तो भरत नाही. (काही घरांत अजून मिश्री लावतात. ती तंबाखू आहे, तिने दात दुरुस्त होत नाहीत.)

मात्र मॅके यांचा डागही विसरू नये. पेस्टमध्ये साधारण १००० पीपीएम फ्लोराइड असते, म्हणजे डीन यांच्या पाण्याच्या हजारपट. मूल दुधाच्या दातांनी खात असते तेव्हा त्याचे कायमचे दात आत तयार होत असतात. पेस्ट रोज गिळली तर डाग त्यांच्यावर पडू शकतो. म्हणून तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी नको. ती पालकांनीच लावावी, घासून झाल्यावर मुलाला थुंकायला लावावे. आपल्या गुजरातेत मेहसाणा, बनासकांठा आणि विदर्भात यवतमाळ, चंद्रपूर भागांत भूजलातच फ्लोराइड जास्त आढळते. तिकडे ज्यांची मुले वाढली, किंवा ज्यांच्या घरी बोअरचे पाणी पितात, त्यांनी पेस्ट निवडण्यापूर्वी दंतवैद्यांना विचारावे.

पुढील तपासणीत कोणाच्या दातावर पांढरा पट्टा दिसल्यास वर्गशिक्षिका डायरीत लिहून पाठवतील. पालकांनी ते पान सही करून परत पाठवावे, ही विनंती.