चोळप्पांच्या घरचा पाहुणा



दत्तजयंतीच्या अंकात स्वामी समर्थांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्यापेक्षा अधिकारी आहेत. म्हणून मला काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा मी ठरवलं, आपण चोळप्पांवर लिहायचं. स्वामींचं नाव घेतलं की चोळप्पांचं नाव येतंच, पण येतं ते ओझरतं. स्वामी अक्कलकोटात आले आणि चोळप्पांच्या घरी राहिले, एवढं म्हणून आपण पुढच्या लीलेकडे वळतो. घरी राहिले म्हणजे काय झालं, हे ज्या बाईने वीस-पंचवीस वर्षं चूल सांभाळली आहे तिला विचारावं.

मी सोलापूरची. आमच्याकडून अक्कलकोट चाळीस किलोमीटरच्या आत. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंबरोबर गुरुवारची वारी सुरू झाली. पहाटे भाकरी, शेंगाची चटणी बांधून घ्यायची, एस.टी. धरायची, वळसंग गेलं की सासूबाई जप थांबवून गोष्ट सुरू करायच्या. त्यांचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं. पोथीतलं किती आणि त्यांच्या आजीकडून आलेलं किती, ते त्यांनाही वेगळं करता येत नसे. पुढे चरित्रं मी स्वतः वाचली, तरी चोळप्पा मला दिसतात ते सासूबाईंच्या बोलण्यातले.

मंगळवेढा, मोहोळ, सोलापूर असं करत स्वामी अक्कलकोटात आले तो काळ १८५७ च्या उठावाच्या आसपासचा. गादीवर मालोजीराजे भोसले होते. गावात आलेला हा उंच, आजानुबाहू, अंगावर लंगोटीपलीकडे काही नसलेला पुरुष खंडोबाच्या देवळापाशी बसला. वेडा म्हणावा तर डोळ्यांकडे बघवत नाही, साधू म्हणावा तर सोवळंओवळं काही नाही. अहमदअली खान नावाच्या रिसालदाराने थट्टा म्हणून रिकामी चिलीम पुढे केली आणि ती रिकामी चिलीम पेटून धूर निघाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या चिलमीची गोष्ट गावभर झाली, लोक बघायला जमले. पण या माणसाच्या पोटात तीन दिवस अन्न नाही, हे ध्यानात आलं ते चोळप्पांच्या. ते हात धरून त्यांना घरी घेऊन गेले.

चोळप्पा श्रीमंत नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. हातातोंडाची गाठ कशीबशी पडेल असा संसार. बायको येसूबाई, मुलंबाळं. पाहुणा दोन दिवस राहील, चार दिवस राहील, मग वाटेला लागेल, असंच त्या माउलीला वाटलं असणार. पाहुणा वीस वर्षं राहिला.

आता आपण पोथीत वाचतो की स्वामींनी घरातली भांडीकुंडी बाहेर फेकली, दाणागोटा गाईगुरांना आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटून टाकला, रांधलेलं अन्न भलत्यालाच दिलं, आणि आपण हात जोडून परमहंसांची लीला म्हणतो. ठीक आहे. पण ते धान्य कुणाचं होतं? संध्याकाळी पोरं चुलीपाशी येऊन बसली की त्यांच्या पुढ्यात काय वाढायचं होतं? स्वामी कधी मध्यरात्री उठून चालू लागायचे, रानात जाऊन बसायचे. मागोमाग चोळप्पा. ऊन असो, पाऊस असो. जेवले तर जेवले, नाहीतर दोन-दोन दिवस अन्नाला शिवायचे नाहीत, आणि ते जेवले नाहीत की चोळप्पांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. वर शिव्या. स्वामींच्या शिव्या म्हणजे आशीर्वाद हे आपल्याला दीडशे वर्षांनी कळतं. ज्याच्या तोंडावर त्या पडत होत्या त्याला ते रोज सकाळी नव्याने मानून घ्यायचं होतं.

शेजारी काय म्हणत असतील, ते सांगायलाच नको.

गुरुचरित्राच्या दुसऱ्या अध्यायात संदीपकाची कथा आहे. काशीत वेदधर्म गुरूंना कुष्ठ झालं, दृष्टी गेली, आणि संदीपकाने एकवीस वर्षं त्यांची सेवा केली. गुरू त्याला छळायचे, आणलेली भिक्षा फेकून द्यायचे, तरी तो ढळला नाही. शंकर आले, वर माग म्हणाले, तर याने गुरूंना विचारल्याशिवाय काही मागितलं नाही. मी ही कथा वाचते तेव्हा दरवेळी चोळप्पा आठवतात. वर्षांचा हिशेबही जवळपास तेवढाच येतो. फरक एकच, आणि तो मला फार मोठा वाटतो. संदीपक एकटा होता. चोळप्पांच्या मागे बायको होती, मुलं होती, आणि त्यांच्या उपासाचा जाब त्यांना रोज घरातच मिळत होता. येसूबाई चिडायच्या, असं सांगतात. चिडणारच. पण तिने दार लावून घेतलं नाही. चोळप्पांच्या निष्ठेत निम्मा वाटा तिचा धरला पाहिजे, असं माझं मत आहे. कुणाला पटो न पटो.

मग दिवस पालटले. १८६० साली सोलापूरपर्यंत रेल्वे आली, आणि मुंबई-पुण्याकडचे लोक अक्कलकोटला येणं सोपं झालं. राजा स्वतः दर्शनाला येऊ लागला. स्वामींपुढे नारळ, वस्त्रं, पैसे, मिठाई यांची रास पडू लागली. पोथीत असं आहे की मालोजीराजांच्या मनात स्वामींना कायमचं राजवाड्यातच ठेवून घ्यावं असं आलं, आणि ते जमवून दिलंस तर दरसाल मोठं इनाम देऊ असं त्यांनी चोळप्पांना सांगितलं. चोळप्पांना मोह पडला. त्यांनी स्वामींपाशी तसा शब्द टाकलाही. स्वामींनी मानलं नाही.

काही लेखक ही गोष्ट गाळतात, किंवा घाईघाईने उरकतात. मला तीच धीर देते. ज्याने उपाशीपोटी वर्षानुवर्षं सेवा काढली, त्याचं मन इनामापाशी क्षणभर अडखळलं. दारिद्र्यात न डगमगलेला माणूस चार पैसे दिसल्यावर डगमगतो, हे आपण घरोघर बघतो. पुढेही समोर येणाऱ्या देणग्यांवर चोळप्पांची दृष्टी राहू लागली, असं चरित्रकार स्पष्टच लिहितात. कर्ज झालेलं, संसार थकलेला. मी त्यांना दोष देत नाही, पण लपवतही नाही.

याच सुमारास सेवेकऱ्यांत सुंदराबाईंचा अंमल सुरू झाला. स्वामींच्या पुढ्यात आलेल्या द्रव्याची व्यवस्था त्यांच्या हाती गेली आणि जुन्या सेवेकऱ्यांची उठबस त्यांच्या मर्जीवर आली. हावेरीहून सगळं सोडून सद्गुरूच्या शोधात आलेल्या बाळप्पांनाही त्यांचा जाच सोसावा लागला. पुढे दरबारनेच सुंदराबाईंना दूर केलं, तो भाग वेगळा. पण त्याआधी चोळप्पा बाजूला पडले होते.

ते कसे, याची गोष्ट सासूबाई फार हळू आवाजात सांगायच्या. एके दिवशी स्वामींनी खांद्याला झोळी घेतली आणि भिक्षा मागू लागले. स्वामी महाराज मागताहेत म्हटल्यावर कोण हात आखडता घेणार? झोळी नाण्यांनी भरली. ती सगळी त्यांनी चोळप्पांच्या ओटीत घातली आणि तुझं आमच्यावरचं ऋण फिटलं, असं सुचवलं. भोवतालच्यांना वाटलं, चोळप्पांचं भाग्य उघडलं, सावकार दारातून हटला. चोळप्पांना मात्र कळलं की ऋण फिटलं म्हणजे नातं तुटलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली त्याने हिशेब चुकता केला. इथे सासूबाई थांबायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या.

भक्ताची कसोटी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गरिबी, आजारपण, मरण येतं. मला वाटतं चोळप्पांची खरी कसोटी इथून पुढे लागली. सेवा करताना निदान सेवा तरी हातात होती. आता स्वामी त्याच गावात, चार पावलांवर, आणि त्यांच्याभोवती दुसरेच लोक. रुसून दुसऱ्या दैवताकडे जाता आलं असतं. गावोगाव स्वामींच्या चार तक्रारी सांगत हिंडता आलं असतं; तशी माणसं प्रत्येक मठाच्या आजूबाजूला असतात. चोळप्पांनी यातलं काही केलं नाही. ते अक्कलकोटातच राहिले, स्वामींचेच राहिले.

आमच्या घरचंही थोडं सांगते. माझे यजमान मिलमध्ये होते. मिल बंद झाली, देणी अडकली, घरात तीन मुलं आणि आजारी सासरे. तेव्हा मी गुरुवारची वारी सोडली. एस.टी.च्या भाड्याचं कारण सांगत होते, पण कारण ते नव्हतं. मला राग आला होता. इतक्या वर्षांच्या गुरुवारांचा हाच हिशेब का, असं मनात यायचं. सासूबाई एकट्या जायच्या, येताना अंगारा आणून उतरंडीवर ठेवायच्या, मला लाव म्हणून एकदाही म्हणाल्या नाहीत. दीड-दोन वर्षांनी एका संध्याकाळी शेंगा फोडत बसलो असताना त्यांनी ती झोळीची गोष्ट पुन्हा सांगितली. आधी दहा वेळा ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा कळली. मी रुसले होते ते हिशेब चुकता झाला नाही म्हणून. चोळप्पा रडले होते ते हिशेब चुकता झाला म्हणून. पुढच्या गुरुवारी मी दोन माणसांच्या भाकरी बांधल्या. मिलची देणी त्यानंतरही कित्येक वर्षं मिळाली नाहीत.

असो. चोळप्पांकडे वळते.

१८७६ साली पाऊस गेला. दख्खनवर जो दुष्काळ पडला त्यात आपला सोलापूर भाग सर्वांत होरपळलेल्यांपैकी. विहिरी आटल्या, जनावरं खाटकाला गेली, माणसं गाव सोडून दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. मोहोळकडचा आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातल्या कामांपैकी आहे. अशा वर्षात अक्कलकोटातल्या एका साध्या घराचं काय झालं असेल, याची कल्पना आपल्या भागातल्या माणसाला निराळी करून द्यावी लागत नाही. त्या दुष्काळातच, १८७७ साली, चोळप्पांनी देह ठेवला.

तेव्हा स्वामींची अवस्था काय झाली, ते सगळे चरित्रकार सांगतात. ज्यांना कुणाच्या जाण्यायेण्याने कधी फरक पडलेला दिसला नव्हता, ते स्वामी खिन्न झाले. खाण्यापिण्यावरचं त्यांचं लक्ष उडालं. सात जन्मांचा सोबती गेला, अशा अर्थाचं ते बोलून गेले, असं भक्त सांगत आले आहेत. ऋण फिटलं होतं ना? मग हे काय होतं? झोळी भरून पैसे दिले त्याने पैशाचं फिटलं. खंडोबाच्या देवळातून हात धरून आणलं त्याचं फिटलेलं नव्हतं.

पुढे वर्षही भरलं नाही. शके १८०० च्या चैत्र वद्य त्रयोदशीला, ३० एप्रिल १८७८ रोजी, मंगळवारी, वटवृक्षाखाली स्वामींनी अवतार संपवला. वटवृक्ष मंदिरात आज गर्दी असते ती या जागेमुळे. पण नवीन माणसाला पुष्कळदा माहीत नसतं की स्वामींची समाधी तिथे नाही. ती बुधवार पेठेत आहे, चोळप्पांच्या घराच्या जागी. समाधी मठ म्हणतात, आणि जुने लोक अजून चोळप्पा मठच म्हणतात. ज्या घरातली भांडी त्यांनी बाहेर फेकली, ज्या घरातला दाणा त्यांनी वाटून टाकला, तिथेच ते कायमचे राहायला आले. चोळप्पांचे वंशज आजही तिथली सेवा करतात.

१९८८ पासून अक्कलकोटात अन्नछत्र मंडळ चालू आहे. दोन्ही वेळच्या पंगती उठतात, कुणाची जात नाही, गाव नाही, पावती नाही. मी पंगतीत बसले की वाढणाऱ्या मुलांच्या हातातली भाताची पातेली बघते आणि येसूबाईंचा रिकामा डबा आठवतो.

सासूबाई आता नाहीत. गेल्या गुरुवारी मी नातीला घेऊन गेले होते. वटवृक्षाचं दर्शन झालं, अन्नछत्रात जेवलो, आणि बाहेर पडताना तिने विचारलं की आता घरीच ना. मी तिला म्हटलं, अजून एक घर राहिलंय. बुधवार पेठेत आलो. समाधीपुढे टेकलो. नात इकडेतिकडे बघत होती. तिला इथे स्वयंपाकघर कुठे होतं ते हवं होतं. मला सांगता आलं नाही. बरोबर आणलेल्यातली एक भाकरी आणि थोडी चटणी उरली होती, ती तिने पदराआड धरावी तशी ओढणीत धरली होती. तिथल्या गुरुजींना विचारून तिने ती नैवेद्याच्या पाटावर ठेवली, आणि मग आम्ही सोलापूरची गाडी धरली.