पुण्याने घडवला, मुंबईने जपला

पुणे - हाताशी असलेला गुणी खेळाडू ओळखायचा, त्याला आपल्याकडे टिकवायचे, की दुसऱ्या संघाच्या पदरात पडू द्यायचे, हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेतील बेसबॉल संघांनी त्यासाठी काटेकोर नियम केले आहेत. मुख्य संघाच्या चाळीस जणांच्या राखीव यादीत ज्याचे नाव नाही, असा दुय्यम संघातील होतकरू खेळाडू ठरावीक हंगामांनंतर दुसरा संघ उचलू शकतो. रोबेर्तो क्लेमेंते हा पुढे अजरामर झालेला खेळाडू 1954 मध्ये ब्रुकलिनच्या संघाने असाच गमावला आणि तो पिट्सबर्गला मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पुण्यात अशी यादी नव्हती, करार नव्हते. जात मात्र होती. पळवणकर बाळू यांची कारकीर्द त्याच कोंडीतून घडली.

बाळूंचा जन्म 19 मार्च 1876 रोजी धारवाड येथे झाला. चर्मकार समाजातील हे कुटुंब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील पळवणचे. आडनाव गावावरूनच आले. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुले पुण्यात वाढली आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकली. बाळूंना पहिली नोकरी पारशी मंडळींच्या एका क्लबात मिळाली. खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे काम, पगार महिना तीन रुपये. 1892 मध्ये ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर रुजू झाले. तेथे सरावाची जाळी लावता लावता त्यांच्या हाती चेंडू आला.

डावखुऱ्या, मंदगती फिरकीचे ते अस्सल रत्न होते. नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर येऊन त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल ग्रेग आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान, गोलंदाजी ही चाकरी, असा तो सरळ हिशेब होता.

कॅम्पातील या गोलंदाजाची कीर्ती बुधवार, शनिवार, सदाशिव या पेठांच्या जुन्या शहरात पोहोचली, तेव्हा हिंदू संघापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू हवा. पण त्याला संघात घ्यायचे कसे? तेलुगू सदस्य अनुकूल होते, काही ब्राह्मण सदस्य विरोधात. अखेर विजयाच्या ओढीने दार उघडले, तेही अर्धेच. मैदानावर सारे तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात बळी घेतले. पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या नेत्यांनी त्यांचा जाहीर गौरव केला.

गौरव करूनही पुण्याने त्यांना जपले नाही. 1896 च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला गेले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही आरंभी कुरकूर झाली, पण तेथे प्रवेश मिळाला आणि बीबीसीआय रेल्वेत नोकरीही. नोकरी हाच त्या काळचा खरा करार. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी नमवले, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा सिंहाचा होता आणि धाकटे बंधू शिवराम सोबत खेळत होते. त्यानंतर 1911 चा इंग्लंड दौरा आला. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील हा संघ सपाटून हरला, परंतु पस्तिशीतल्या बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून 114 बळी घेतले. मायदेशी परतल्यावर दलित समाजाने केलेल्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकर यांचा सहभाग होता.

कर्णधारपद मात्र हुलकावणी देत राहिले. गुणवत्तेवर मागणी होत असताना निवड समिती उच्चवर्णीयांकडेच वळत असे. 1920 च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना प्रथम वगळण्यात आले आणि कर्णधार पै आजारी पडताच सूत्रे पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेली. याच्या निषेधार्थ शिवराम आणि विठ्ठल हे बंधू संघाबाहेर पडले. दोन उत्तम खेळाडू हातचे जाताच समितीला जाग आली. पुढील सामन्यासाठी बंधू परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. पै मैदानाबाहेर असताना काही काळ नेतृत्वही त्यांच्याकडे आले. 1923 मध्ये विठ्ठल यांना रीतसर कर्णधारपद मिळाले, तोवर बाळूंचे दिवस सरले होते. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21, ही त्यांची शिदोरी.

राजकारणात ते गांधीजींच्या बाजूला राहिले. ज्या आंबेडकरांना ते एके काळी आदर्श वाटत, त्यांच्याविरुद्धच 1937 च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभे केले. सुमारे दोन हजार मतांनी त्यांचा पराभव झाला. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.