बर्फ वाचणारा माणूस : आल्डो लिओपोल्ड

मंडळी, जानेवारीत आपण मिडवेस्टवाले गराजमधून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात. शाळेच्या भूगोलात प्रेअरी म्हणजे गव्हाचे कोठार, एवढेच आम्ही शिकलो. इथे हिवाळ्यात दिसले ते पांढरे मैदान. त्याच बर्फात रोजचा जमाखर्च वाचणाऱ्या आल्डो लिओपोल्ड यांची ही ओळख.

जन्म ११ जानेवारी १८८७, आयोवातल्या बर्लिंग्टनचा. येलमधून वनशास्त्र शिकून ते १९०९ मध्ये वनखात्यात लागले. लांडगे मारले की हरणे वाढतील, हा तेव्हाचा हिशोब त्यांनाही पटला होता. पुढे वाढलेल्या हरणांनी डोंगर बोडके केलेले पाहून त्यांनी आपले मत बदलले, आणि तसे मोकळेपणाने लिहिलेही.

१९३३ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. मॅडिसनला शेतजमिनीवर पुन्हा प्रेअरी उभी करण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. १९३५ मध्ये त्यांनी बाराबूजवळ नापीक, वाळूची शेती घेतली. तिथले कोंबड्यांचे खुराडे साफ करून बायको एस्टेला आणि पाच मुलांसह वीकेंडला राहू लागले. दर वसंतात हजारो पाइन लावायचे, प्रेअरीची फुलझाडेही.

खरी मजा हिवाळ्यात. गवतावर बर्फ साचला की त्याखाली उंदरांचे बोगदे तयार होतात. वर छप्पर, आत ऊब. जानेवारीत मधेच बर्फ वितळला की बोगदे उघडे पडतात. उंदराचे संकट, शिकारी पक्ष्याची मेजवानी! झोपेतून उठलेला स्कंक कुठवर फिरला, हे लिओपोल्ड त्याच्या पावलांमागे जाऊन पाहत.

चिकडी हा चिमणीहून लहान पक्षी. दहा वर्षांत अशा ९७ पक्ष्यांच्या पायात त्यांनी नंबरचे वाळे घातले. ६७ पक्षी दुसऱ्या हिवाळ्यात दिसलेच नाहीत. पाच हिवाळे काढले ते फक्त ६५२९० नंबरच्या पक्ष्याने. इतका चोख डेटा, तोही एक्सेलशिवाय! आम्ही तर थक्क झालो.

ऑक्सफर्डने पुस्तक स्वीकारल्याचा फोन आला, त्यानंतर आठवड्याने, २१ एप्रिल १९४८ रोजी, शेजाऱ्याच्या रानात लागलेला वणवा विझवताना हृदयविकाराने ते गेले. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' १९४९ मध्ये निघाले.

पहिले फूल कधी, पहिला पक्षी कधी, याच्याही तारखा ते लिहून ठेवत. मुलगी नीना आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्या नव्या नोंदींशी ताडून पाहिल्या. वसंताच्या बऱ्याच खुणा आधीच येऊ लागल्या होत्या.