फातिमाबाईंची लेक

स्मरणिकेसाठी काही लिहा असा आग्रह झाला, तेव्हा मी सातवी शिकलेली बाई, काय लिहिणार, असे मनात आले. पण सासूबाईंच्या आजारपणानंतर एका बाईंचे चरित्र मला फार जवळचे वाटू लागले आहे. तेच भगिनींना सांगते.

फातिमा इस्माईल मुंबईच्या. जन्म १९०३ चा. माहेर सोबानींचे, सधन. भाऊ उमर सोबानी गिरणीमालक असूनही स्वराज्याच्या चळवळीत होते, आणि बाईही त्याच वाटेने गेल्या. पुढे त्यांच्या चिमुकल्या उषाला पोलिओ झाला. घरी पैसा, मोठमोठ्या ओळखी. तरी लुळ्या पायाचे करायचे काय, हे सांगणारा माणूस मिळेना! अखेर मद्रासला डॉ. किणींकडे त्यांनी लेकीला नेले, आणि उपचारांनी ती सुधारली.

पोलिओने मेलेली नस परत जिवंत होत नाही. पण उरलेल्या स्नायूंना रोज नेमाने हलवले, पायाला पट्ट्यांचा आधार दिला, तर मूल उभे राहू शकते. नुसते निजवून ठेवले तर सांधे आखडतात आणि पाय वाकडा होतो. ताप उतरला म्हणजे औषधपाणी संपले असे नाही, हे त्या आईने ओळखले.

आपले मूल सुधारले म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९४७ साली डॉ. बाळिगांच्या दवाखान्यात इतरांच्या मुलांसाठी उपचार सुरू केले. त्यातूनच पुढे हाजीअलीला मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५५ मध्ये तेथेच केंद्र सरकारची अपंग-पुनर्वसनाची मोठी संस्थाही निघाली. बाईंना १९५८ साली पद्मश्री मिळाली, नंतर त्या राज्यसभेवरही गेल्या. १९८७ साली वारल्या.

भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला. लकवा मात्र आहेच. आमच्या सासूबाईंना तो झाला, तेव्हा आराम पडावा म्हणून आम्हीच त्यांना दोन महिने हलू दिले नाही. चूक आमचीच. व्यायाम शिकायला चिखल्याहून नागपूरला जायचे म्हणजे अख्खा दिवस जातो, घरच्या माणसाची खाणीतली हजेरी बुडते. मी चार खेपा केल्या, हात कसा धरायचा ते शिकून आले, आणि रोज सकाळी चुलीचे काम आटोपले की करून घेते. आता त्या सुपातले तांदूळ डाव्या हाताने निवडतात. मूठ अजून पुरती उघडत नाही.