नारायण मेघाजी लोखंडे : रविवारच्या सुट्टीमागचा माणूस

रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली असं वर्गात विचारलं, तर एखादं तरी मूल नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव सांगतं. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात तेवढीच एक ओळ असते. पण त्यांनी सुट्टीसोबत आणखी एक मागणी केली होती. ती मुलांना सांगायची राहून जाते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब कुटुंबात झाला. शिक्षण बेताचंच झालं. त्यांनी आधी रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली, मग मुंबईत मांडवीच्या कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते लागले. गिरणी कामगारांचे हाल त्यांनी तिथे रोज डोळ्यांनी पाहिले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांनी ते भारले होते. १८८० मध्ये त्यांनी 'दीनबंधू' हे पत्र चालवायला घेतलं आणि कामगारांची दुःखं त्यात मांडली.

त्या काळी गिरणीचं काम पहाटे उजेड पडला की सुरू व्हायचं, ते अंधार पडेपर्यंत. यंत्रांचे पट्टे, चाकं यांत हात सापडायचा, बोटं जायची. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला आणि अपघाताची खबर सरकारी निरीक्षकाला द्यायला सांगितलं होतं. पण खबर दिली तरी जखमी माणसाच्या घरची चूल कशी पेटणार? खाडा पडला की पगार बुडाला. मग हात बरा व्हायच्या आधीच माणूस पुन्हा यंत्रासमोर उभा राहणार, नाहीतर जखम लपवणार.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. सप्टेंबरमध्ये लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठरलेले तास आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार या मागण्या होत्या. शिवाय कामावर गंभीर जखम झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, हीही मागणी होती. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही भारतातली पहिली कामगार संघटना मानली जाते. ती त्यांनी याच काळात उभी केली.

१८९० मध्ये हजारो कामगारांची मोठी सभा झाली. तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

जखमी कामगाराची मागणी मात्र तशीच राहिली. पुढे मुंबईत प्लेग आला. लोकांच्या सेवेत धावणाऱ्या लोखंडे यांनाही त्याने गाठलं आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला, म्हणजे निवेदनानंतर तब्बल ३९ वर्षांनी. कर्मचारी राज्य विमा कायदा तर १९४८ चा. आज कामावर दुखापत झाली की भरपाई आणि बरं होईपर्यंत पैसे मिळण्याचा हक्क आहे, त्याची मुळं त्या ५,५०० सह्यांमध्ये आहेत.

हा पाठ शिकवताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : लागलेलं आपण का लपवतो? बहुतेक उत्तर येईल, ओरडा बसेल म्हणून. मोठेपणी तेच मूल नोकरी जाईल या भीतीने जखम लपवेल. दुखापत लगेच सांगायची, तिची नोंद करून घ्यायची आणि पूर्ण बरं झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, ही सवय शाळेतच लागायला हवी. त्यासाठी सांगणाऱ्या मुलाला आधी ओरडायचं नाही, आधी त्याचं लागलेलं बघायचं. एवढं आपण घरी आणि वर्गात नक्कीच करू शकतो.