गुरूचा लिथियम, शिष्याचा आयन

नगरकरांना लुना काही नवी नाही. १९७० च्या दशकात इथल्या कायनेटिकच्या कारखान्यातली ही मोपेड घरोघरी पोचली. २०२४ साली, जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले त्याच वर्षी, तिची विजेवर चालणारी धाकटी बहीण ई-लुना आली. तिच्या पोटात असते लिथियम-आयन बॅटरी. आपल्या मोबाईलमध्येही तीच. या जोडनावात एका गुरूची आणि शिष्याची कहाणी दडली आहे.

मायकेल फॅरडे १७९१ साली लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी जन्मला. शिक्षण जेमतेम अक्षरओळखीपुरते. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि हाती येणारी पुस्तके बांधता बांधता वाचू लागला. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने टिपणे काढली, सुबक बांधली आणि डेव्हींनाच पाठवली. पुढच्या वर्षी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचा मदतनीस झाला.

डेव्ही विजेच्या बळावर मूलद्रव्ये सुटी करण्यात निष्णात. १८१७ साली स्वीडनमध्ये शोध लागलेला लिथियम त्यांनी पुढच्याच वर्षी धातुरूपात वेगळा केला. पण शिष्याची कीर्ती वाढू लागली तसा गुरूच्या मनात सल उत्पन्न झाला. १८२४ मध्ये फॅरडेला रॉयल सोसायटीचे सदस्यत्व देण्यास विरोध केला तो अध्यक्षपदी असलेल्या डेव्हींनीच! तरीही तो निवडून आला. गुरूविषयीचा आदर त्याने सोडला नाही.

डेव्ही १८२९ साली वारले. द्रावणातून वीज जाताना विद्युतभारित कण प्रवास करतात. त्यांना फॅरडेला नाव हवे होते. ग्रीक त्याला येत नव्हते. केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्या मदतीने १८३४ साली शब्द ठरला आयन, म्हणजे जाणारा.

हा जाणारा वारकऱ्यासारखा परतही येतो, हीच या बॅटरीची खुबी. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला लिथियमयुक्त संयुग, मध्ये द्राव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत मुक्कामाला जातात. गाडी चालू झाली की परततात. इलेक्ट्रॉनला मात्र मधली वाट बंद. तो बाहेरच्या तारेने वळसा घेतो आणि त्या वळशावरच चाक फिरते. दर फेरीत थोडे आयन वाटेतच अडकतात, म्हणून बॅटरी हळूहळू थकते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली.

हे पाहायला फॅरडे नव्हता. सरदारकी नाकारून, उतारवयात स्मृती हरवत, तो १८६७ साली गेला. हयातीत गुरुशिष्यांत अंतर पडले. पण गुरूने सुटा केलेला धातू आणि शिष्याने रूढ केलेला शब्द आज एकाच नावात शेजारी शेजारी नांदत आहेत.