जोनची चाहती, बाळ येशूची तेरेजा



१ ऑक्टोबर रोजी आपण बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करतो. आपल्या कितीतरी चर्चमध्ये तिचा पुतळा आहे. अंगात तपकिरी झगा, हातात क्रूस आणि गुलाबाची फुले. नोव्हेना करताना आपण तिच्याकडे गुलाब मागतो. पण ही संत लहानपणी कुणाची तरी फॅन होती, अगदी आपल्या घरातल्या मुलामुलींसारखी, हे आपल्याला फारसे कुणी सांगत नाही.

आपली मुले कपाटाच्या दारावर क्रिकेटपटूंचे, नटनट्यांचे फोटो चिकटवतात, त्यांच्यासारखे केस कापून घेतात आणि आपण आईवडील वैतागतो. तेरेजाला जिचे वेड लागले होते ती साडेचारशे वर्षांपूर्वी मरण पावलेली एक खेड्यातली मुलगी होती, जोन ऑफ आर्क. ही जोन इंग्रजांविरुद्ध फ्रेंच सैन्याच्या पुढे गेली, पकडली गेली आणि ३० मे १४३१ रोजी रुआं शहरात, जेमतेम एकोणीस वर्षांची असताना, पाखंडी ठरवून तिला जिवंत जाळण्यात आले. तो निकाल ख्रिस्तसभेच्याच न्यायालयाने दिला होता, हेही विसरून चालणार नाही. १४५६ साली तो रद्द झाला. तेरेजाच्या लहानपणी जोन अजून संत झालेली नव्हती, पण फ्रान्समध्ये तिचे नाव घरोघरी होते.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी आलाँसाँ या गावी झाला. नऊ भावंडांत ती शेंडेफळ, पण जगल्या त्या पाचच, सगळ्या मुली. वडील लुई घड्याळजी, आई झेली लेस विणून घेण्याचा धंदा करी. तेरेजा साडेचार वर्षांची असताना आई कर्करोगाने गेली. वडील मुलींना घेऊन लिझ्यूला आले. मोठ्या बहिणींपैकी पोलिन हीच मग तिची आई झाली, पण १८८२ साली तीही कार्मेल मठात गेली आणि ही पोर पुन्हा पोरकी झाली. पुढच्या वर्षी ती इतकी आजारी पडली की घरच्यांनी आशा सोडली होती.

असे हे हळवे, सारखे रडणारे मूल. रडल्याबद्दल कुणी बोलले की रडले म्हणून पुन्हा रडायचे. या मुलीने पुस्तकांतून जोनच्या कथा वाचल्या आणि तिला वाटू लागले की आपणही असेच काहीतरी मोठे करायचे, आपलाही जन्म कीर्तीसाठीच आहे. गंमत म्हणजे पुढे मोठेपणी आपली कहाणी लिहिताना तिने ही इच्छा लपवली नाही, की तिची लाजही बाळगली नाही. फक्त एवढेच नोंदवले, की आपली कीर्ती लोकांच्या डोळ्यांना दिसणारी नसेल, हे देवाने आपल्याला तेव्हाच समजावले.

मोठे होणे मात्र कथा वाचून झाले नाही. १८८६ च्या नाताळच्या रात्री सगळे मध्यरात्रीच्या मिस्साहून घरी आले. चुलीपाशी ठेवलेल्या बुटांत मुलांसाठी भेटी ठेवायची तिकडे पद्धत आहे. तेरेजा चौदाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती, तरी तिचे बूट अजून ठेवले जात. दमलेले वडील सहज म्हणाले, की बरे झाले, हे एवढे शेवटचेच वर्ष. ते शब्द जिन्यावर तिच्या कानी पडले. डोळे भरून आले. एरवी रात्रभर रडारड झाली असती. त्या रात्री तिने अश्रू गिळले, खाली आली आणि हसत हसत एकेक भेट उघडली. त्या क्षणी आपले बाळपण संपले, असे ती मानत असे. ज्या घरात तेरा-चौदा वर्षांचे मूल आहे त्यांना यात काय घडले ते वेगळे सांगायला नको.

पुढच्याच वर्षी तिने रोममध्ये पोप तेरावे लिओ यांच्यासमोर गुडघे टेकून, बोलायला मनाई असतानाही, मठात जाण्याची परवानगी मागितली. शेवटी ९ एप्रिल १८८८ रोजी, पंधराव्या वर्षी, ती लिझ्यूच्या कार्मेल मठात शिरली. जोन किल्ले जिंकत गेली होती. हिच्या वाट्याला धुणी, झाडलोट, हाडे गोठवणारी थंडी आणि चिडखोर सिस्टरांची संगत आली.

तरी जोन सुटली नाही. पोलिन मठप्रमुख झाल्यावर तिच्या सणासाठी तेरेजाने जोनवर दोन नाटके लिहिली, १८९४ साली एक आणि १८९५ साली दुसरे. जोनचे काम स्वतःच केले. दुसऱ्या नाटकात जोनला जाळण्याच्या दृश्यात खरोखरच आग लागली. मदरने तिला जागचे हलू नको म्हणून सांगितले आणि बाकीच्या सिस्टर आग विझवेपर्यंत ती तशीच उभी राहिली. बहीण सेलिनने मठात येताना कॅमेरा आणला होता. तिच्यामुळे तेरेजाचे जोनच्या वेशातले फोटो आज आपल्याला पाहायला मिळतात. या दुसऱ्या नाटकातली जोन केवळ विजयी नाही. ती कैदेतही आहे, एकटी आहे आणि मरणाला भ्याली आहे. लहानपणची आवड अशीही मोठी होत असते.

१८९६ च्या पवित्र सप्ताहात तेरेजाच्या तोंडातून प्रथम रक्त पडले. क्षयरोग. आणि त्याच ईस्टरपासून तिच्या मनात काळोख दाटला. स्वर्ग खरेच आहे का, ही शंका तिला पोखरू लागली. याआधी तिला वाटे की देव नाही म्हणणारे लोक मनातून तसे मानत नसतात.

याच सुमारास फ्रान्समध्ये डायना व्हॉन या बाईची चर्चा होती. ती म्हणे सैतानाची पूजा सोडून जोनच्या भक्तीमुळे प्रभूकडे वळली होती. कितीतरी धर्मगुरूंचाही यावर विश्वास बसला. मठानेही तिला पत्र पाठवले आणि सोबत फोटो, कैदेतली जोन झालेली तेरेजा आणि संत कॅथरिन झालेली सेलिन. डायनाकडून उत्तरही आले. मग १९ एप्रिल १८९७ रोजी, ईस्टरनंतरच्या सोमवारी, लेओ ताक्सिल या लेखकाने पॅरिसमध्ये भरसभेत जाहीर केले की डायनाची सगळी कहाणी त्यानेच रचली होती. ख्रिस्तसभेची थट्टा करण्यासाठी तो बारा वर्षे भक्त असल्याचे सोंग करत होता. त्या सभेत पडद्यावर तेरेजाचाच फोटो दाखवला गेला होता. बातमी मठात पोचली तेव्हा तिने डायनाचे पत्र फाडले आणि बागेतल्या खताच्या ढिगावर टाकून दिले.

जून महिन्यात, अंगात ताप असताना, ती आपल्या वहीची शेवटची पाने लिहीत होती. तिथे ताक्सिलचे नाव नाही, त्याच्यावर राग नाही. विश्वास नसलेल्यांना ती आपले भाऊ मानते, त्यांच्याच टेबलावर बसून कडू भाकर खात असल्याचे लिहिते आणि त्यांना प्रकाश मिळेपर्यंत तिथून न उठण्याची तयारी दाखवते. मला तरी ही पाने वाचताना पॅरिसमधली ती सभा आठवल्यावाचून राहत नाही.

३० सप्टेंबर १८९७ रोजी, चोविसाव्या वर्षी, ती वारली. वर्षाने तिचे आत्मकथन छापले, त्याच्या दोन हजार प्रती काढल्या होत्या. पुढे ते जगभर गेले. जोनला १९२० साली संतपद मिळाले, तेरेजाला १९२५ साली. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना, मे १९४४ मध्ये, पोप बारावे पायस यांनी तेरेजाला जोनसोबत त्या देशाची आश्रयदात्री म्हणून जाहीर केले. पडद्यावर दाखवलेला तो फोटो आता तिच्या चरित्राच्या पुस्तकांत छापलेला असतो. हाताला साखळदंड असलेली जोन बसली आहे आणि शेजारी सेलिन आहे.